आधी वाच, मावशी!

गेली बावीस वर्षे मी कॉलेजातल्या मुलांना एकच गोष्ट घसा कोरडा करून सांगत आले आहे: बाबांनो, उत्तर लिहिण्याआधी प्रश्न वाचा. मुले मान डोलावतात आणि परीक्षेत न वाचताच उत्तर लिहून मोकळी होतात. तेव्हा "आधी वाच" हे दोन शब्द उलट मलाच कोणी ऐकवील, असे मला कधी स्वप्नातही वाटले नव्हते. आणि ऐकवले तेही कोणी? एका पाच वर्षांच्या मुलाने, अंगात पुठ्ठ्याचे खोके अडकवून, परक्या मुलखातल्या एका फुटपाथवर उभे राहून!

त्याचे असे झाले. 2024 सालच्या दिवाळीच्या सुटीत मी आणि आई धाकट्या बहिणीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. एडिसन हे तिचे गाव. तिथल्या ओक ट्री रोडवर अर्धा तास हिंडले, की आपण अमेरिकेत आहोत हे मुद्दाम आठवावे लागते. केरसुणीपासून अनारशाच्या पिठापर्यंत सगळे मिळते. तरीही आईने पुण्याहून निघताना एक बॅग निव्वळ फराळाने भरली होती. त्यात एक स्टीलचा डबा वेगळा, दोऱ्याने बांधलेला. "हे बेसनाचे लाडू फक्त माझ्या नातवासाठी," असे तिने विमानात मला तीनदा सांगितले. "यात काजू नाहीत, दाणे नाहीत. नुसते बेदाणे घातले आहेत."

भाचेबुवांना शेंगदाणे आणि काजू चालत नाहीत. चालत नाहीत म्हणजे आवडत नाहीत असे नव्हे, किंवा पित्त होते असेही नव्हे. 2020 सालच्या आषाढी एकादशीला तो जेमतेम दीड वर्षाचा होता. धाकटीने साबुदाण्याची खिचडी केली आणि एक घास त्याच्या तोंडात घातला. दहा मिनिटांत तोंडाभोवती गांधी उठल्या, ओठ सुजले, त्याने ओकून टाकले आणि मग तो अशा आवाजात खोकू लागला, की तो आवाज आपल्या मुलाचा आहे हेच तिला ओळखू येईना. रुग्णवाहिका आली. मांडीत इंजेक्शन दिले. करोनाचे दिवस, आत एकालाच सोडत होते. मेहुणे बाहेर रस्त्यावर उभे.

हे सगळे तिने दुसऱ्या दिवशी मला फोनवर सांगितले. त्यावर मी काय म्हणाले ते लिहिताना आजही हात अडखळतो. मी म्हणाले, "अगं, आपण काय दाणे खाऊन वाढलो नाही? कोशिंबिरीत कूट, उसळीत कूट, उपासाला कूट! तिकडे गेलं की प्रत्येकाला काही ना काही होतं. फॅड आहे झालं!" ती गप्प बसली. मला वाटले, पटले तिला.

तर लाडवांचा डबा. आईने मोठ्या हौसेने दोरा सोडला. धाकटीने एकच प्रश्न विचारला, "आई, बेसन कोणत्या कढईत भाजलंस?" घरात कढई एकच. आदल्याच दिवशी तिच्यात चिवड्याचे दाणे तळलेले. "घासली होती की स्वच्छ! राख नाही लावली म्हणून काय झालं!" आई म्हणाली. धाकटीने काही न बोलता डब्याचे झाकण लावले आणि डबा चिवड्यासकट एका पिशवीत घालून गॅरेजमध्ये नेऊन ठेवला.

आई त्या दिवशी जेवली नाही. "माझ्या हातच्या लाडवाला माझी लेक नाही म्हणाली," एवढेच म्हणत राहिली. खरे सांगते, मलाही धाकटीचा राग आला होता. आपल्याकडे बाईला माया दाखवायला दुसरे साधन कोणते असते हो? आमच्या आईने आम्हांला कधी जवळ घेऊन लाडाचा शब्द बोलल्याचे मला आठवत नाही. तिची सगळी माया डब्यातून बाहेर यायची. तो डबाच गॅरेजमध्ये गेल्यावर तिने नातवाला द्यायचे तरी काय?

दोन दिवस आई हटून बसली होती. मग तिने आपला वकिली युक्तिवाद काढला. "आमच्या वेळी कुठे होती ही अलर्जी? थोडं थोडं देऊन सवय लावा म्हणजे झालं!" यातली गंमत अशी, की तिच्या म्हणण्यातला अर्धा भाग बरोबर निघाला. धाकटीने सांगितले, की 2000 साली अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञच अलर्जीची धास्ती असलेल्या घरांतून सांगत, तीन वर्षांचे होईपर्यंत मुलाला दाणे देऊ नका. आठ वर्षांनी हा सल्ला मागे घेतला. पुढे लंडनमधल्या डॉक्टरांनी 640 तान्ह्या मुलांवर प्रयोग केला. सगळी अशी, की ज्यांना दाण्याची अलर्जी होण्याची भीती जास्त. निम्म्यांना अकरा महिन्यांच्या आतच दाणे पचतील अशा रूपात द्यायला सुरुवात केली, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत दिलेच नाहीत. 2015 साली निष्कर्ष छापून आला: ज्यांनी लवकर खाल्ले त्यांच्यात दाण्याची अलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी! ही कल्पना सुचली तीच मुळी इस्राएलमधल्या मुलांवरून. तिथली तान्ही मुले दाण्याचे कुरमुऱ्यासारखे एक खाणे सर्रास खातात आणि त्यांच्यात ही अलर्जी फार थोडी.

"मग मी तेच म्हणत होते!" आई एकदम ताठ बसली.

"आई, ते ज्याला अजून अलर्जी झालेली नाही त्याच्यासाठी. ज्याला झाली आहे त्याला घरच्या घरी सवय लावायला गेलं तर..." धाकटी पुढे बोलली नाही. सवय लावण्याचे उपचारही आहेत म्हणे, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कणाकणाने मोजून. आईच्या चिमटीने नव्हे.

अशा रागरुसव्यात 31 ऑक्टोबर उजाडला. त्या वर्षी मोठा योग होता. पुण्यात लक्ष्मीपूजन शुक्रवारी, 1 नोव्हेंबरला. पण न्यू जर्सीचे घड्याळ मागे असल्यामुळे तिथे अमावास्येची संध्याकाळ गुरुवारीच येत होती. आणि तो गुरुवार म्हणजे हॅलोविन! लक्ष्मी आणि भुते एकाच संध्याकाळी, एकाच दारात.

हॅलोविन हा मूळचा सर्व संतांच्या दिवसाच्या आदल्या रात्रीचा सण. त्याहून मागे गेले तर आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या लोकांचा सुगी संपून हिवाळा लागण्याचा दिवस. त्या रात्री मेलेली माणसे परत फिरकतात अशी समजूत. आपण पितरांना सर्वपित्रीला जेवू घालून आधीच वाटेला लावतो. त्यांचे पाहुणे महिनाभर उशिरा येतात, इतकेच! आयर्लंडात म्हणे सलगमाचे कंद कोरून त्यात दिवा ठेवीत. तिथले लोक अमेरिकेत आले आणि त्यांना भोपळा सापडला. सलगम कोरून पाहिलेल्या माणसाला भोपळा म्हणजे केवढे सुख वाटले असेल! आता पोरे सोंगे घेऊन दारोदार जातात आणि 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणून ओरडतात. म्हणजे खाऊ द्या, नाहीतर खोडी काढतो. ज्या घराचा ओटीवरचा दिवा लागलेला त्याच घरी जायचे, अंधाऱ्या दाराची कडी वाजवायची नाही, असा त्यांचा अलिखित नियम. मला आपला भोंडला आठवला. फरक इतकाच, की आपल्या पोरींना खिरापत ओळखावी लागते आणि तिथे ती पिशवीत आयती पडते.

भाचेबुवांनी भूत व्हायला नकार दिला होता. राजा, वाघ, अंतराळवीर, सगळ्याला नकार. त्यांना व्हायचे होते कचऱ्याची गाडी. मेहुण्यांनी आठवडाभर खपून पुठ्ठ्याच्या खोक्याची हिरवीगार गाडी केली होती. मागे कचरा टाकायला झडपसुद्धा! आईने ते पाहिले मात्र, तिचा तोल गेला. "लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कचऱ्याची गाडी? अरे, काही शुभ-अशुभ?" भाचेबुवांचा ओठ थरथरू लागला. तेवढ्यात आईची नजर पूजेच्या पाटाकडे गेली. पाटाशेजारी नवी केरसुणी उभी, हळदकुंकू लावलेली. आई क्षणभर घुटमळली आणि म्हणाली, "हं. म्हणजे झाडते तीच लक्ष्मी. जा हो, गाडी घेऊन जा." आणि तिने खोक्याच्या पुढच्या बाजूलाही कुंकवाचे बोट टेकवले. कचऱ्याच्या गाडीची पूजा झालेली मी तरी जन्मात प्रथमच पाहिली.

धाकटीला पूजेची तयारी, मेहुण्यांना कचेरीतून यायला उशीर. त्यामुळे गाडीबरोबर जायची पाळी माझ्यावर आली. निघण्यापूर्वी धाकटीने माझी तोंडी परीक्षा घेतली. गाडीच्या आतल्या बाजूला एक लहान थैली चिकटवली होती. तिच्यात दोन पेनासारखी इंजेक्शने. सरावासाठी सुई नसलेले एक खोटे पेन होते, ते माझ्या हातात दिले. वरची टोपी काढायची, नारिंगी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबायचे, पँटवरूनसुद्धा चालते, तीनपर्यंत आकडे मोजायचे. "आणि ताई, देऊ की नको, असा विचार करत बसायचं नाही. घरी फोन करून विचारायचंही नाही. श्वास लागला किंवा अंगावर उठून उलटी झाली की आधी टोचायचं, मग 911 फिरवायचा. बरं वाटलं तरी हॉस्पिटलात न्यायचं, कारण पुन्हा उलटू शकतं." एम्. ए. च्या तोंडी परीक्षेतही माझे हात असे थंड पडले नव्हते. चार वर्षे ही बाई पर्स, छत्री, किल्ल्या यांच्याबरोबर हे घेऊन घराबाहेर पडते आहे, हे मला त्या खोट्या पेनाने शिकवले. फोनवर कळले नव्हते.

दुसरा नियम भाचेबुवांसाठी: घरी येऊन वाचल्याशिवाय एकही गोळी तोंडात घालायची नाही.

बाहेर कसा सुंदर उजेड होता! तो ऑक्टोबर तिथे कोरडा ठणठणीत गेला होता, आणि त्या दिवशी तर ऑक्टोबर-अखेर असून चक्क उकडत होते. वाघांच्या कातड्यांतून पोरे घामाघूम होऊन धावत होती. प्रत्येक पायरीवर भोपळे, झाडांना टांगलेले सांगाडे. एका घरापुढे तर भोपळ्याशेजारी पणत्या आणि रांगोळी. कोणी गुजराती कुटुंब असावे. आमची गाडी दारापुढे थांबे, चढण्याआधी तोंडाने 'बीप बीप' करी आणि उलटी वळून झडप पुढे करी. लोक खूष होऊन मूठभर चॉकलेटे झडपेत टाकीत. सात-आठ घरे झाली. पोर दमले, भुकेजले. माझ्यातली मावशी जागी झाली. त्याच्याकडे पाहून माझा जीव तुटला आणि मी झडपेतून एक बोटभर चॉकलेट उचलले. ओळखीचे, साधे, वरून दिसायला निव्वळ दुधाचे. एकाने काय होणार आहे? मी कागद सोलायला लागले.

"मावशी, आधी वाच."

मी थांबले. तो अगदी शांतपणे म्हणाला होता. रागावून नाही, घाबरूनही नाही. "मला वाचता येत नाही अजून. तू वाच."

मी चष्मा लावला. दिव्याखाली कागद धरला. वर फक्त नाव होते. उलटा करून पाहिला. मागे बारीक अक्षरांत, ही वस्तू सुटी विकण्यासाठी नाही, एवढेच. घटकांची यादी मोठ्या पाकिटावर; आणि ते पाकीट कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या केराच्या टोपलीत. आणखी एक गोष्ट मला मागाहून कळली. तेच चॉकलेट मोठ्या आकारात चालत असले, तरी लहान आकाराचे कधीकधी वेगळ्या यंत्रावर निघते, कधी त्यातले जिन्नसही वेगळे असतात. नाव सारखे म्हणून वस्तू सारखी नव्हे.

"यावर काही लिहिलेलंच नाही रे," मी म्हटले.

"मग नको," तो म्हणाला. आणि माझा चेहरा पाहून त्याला माझीच दया आली असावी. "तुला हवं तर तू खा. पण मग हात धू हं. साबणानी. त्या जेलनी जात नाही."

मी चॉकलेट खिशात टाकले. मला एकाएकी फोनवरची धाकटीची ती शांतता ऐकू आली. चार वर्षांपूर्वीची. पटले म्हणून ती गप्प बसलेली नव्हती.

आणखी दोन घरे सोडून एका पायरीवर मोरपिशी रंगाचा भोपळा होता. नारिंगी भोपळ्यांच्या रांगेत मोराने मान काढावी तसा. "मावशी, निळा!" म्हणून आमची गाडी जी सुटली ती कठड्यात अडकली, मला ती ओढून काढावी लागली. दारात एक वृद्ध गृहस्थ दोन वाडगे घेऊन बसले होते. एकात चॉकलेटे, दुसऱ्यात पेन्सिली, चिकटचित्रे, साबणाचे फुगे, अंधारात चकाकणारी कडी. पोराने एकही शब्द न बोलता दुसऱ्या वाडग्यात हात घातला. त्यांनीही काही विचारले नाही. कडे तिथेच हातात घातले, तिथेच चमकले. बाकी सगळ्या दारांवर मिळालेले 'घरी गेल्यावर पाहू' या खात्यात गेले होते. हे एकच त्याला तिथल्या तिथे, इतर पोरांसारखे, त्याच क्षणी मिळाले. 'मला हे चालत नाही' असे सांगावे लागले नाही.

हा निळा भोपळा म्हणजे एक खूण आहे. या घरी न खाण्याचेही काही मिळेल, असा तिचा अर्थ. टेनेसी राज्याच्या पूर्व भागात अलर्जी असलेल्या मुलांच्या पालकमंडळींनी 2012 साली ही टूम काढली आणि 2014 पासून ती देशभर पसरली. तिकडे साधारण दर तेरा मुलांत एकाला कसली ना कसली अन्नाची अलर्जी असते, म्हणजे एका वर्गात दोघे तरी आलेच. आमच्याच गल्लीत परी झालेली एक मुलगी होती, तिला दूध चालत नव्हते. म्हणजे चॉकलेटांचा निम्मा बाजार तिला बंद. या वाडग्यांतल्या प्लास्टिकच्या फुटकळ वस्तूंचे मला फारसे कौतुक नाही. त्यातल्या बऱ्याचशा सोमवारी केरात दिसल्या. शिवाय अगदी लहान रबरी चेंडू तीन वर्षांखालच्या पोराच्या घशात अडकायचे, ही दुसरी भीती. पण पेन्सिल बरी. पेन्सिल मी दिवाळीतही देईन.

घरी आलो, हात धुतले (साबणाने), पूजा झाली. मग जेवणघरातल्या दिव्याखाली दुसरी पूजा मांडली गेली. सगळा खाऊ सतरंजीवर ओतला आणि तीन ढीग केले: चालेल, चालणार नाही, लिहिलेले नाही. वाचक मी. तिसरा ढीग सर्वांत मोठा झाला. तिथल्या कायद्याने नऊ पदार्थांची नावे पाकिटावर स्पष्ट घालावी लागतात. दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांचा वर्ग, दाणे, काजू-बदामांचा वर्ग, गहू, सोयाबीन. आणि 2023 पासून तीळ. तिळाचे नाव ऐकून आईने कान टवकारले. "तीळ? म्हणजे संक्रांत कशी करतात ती माणसं?" मी पुढे वाचत होते. ज्या कारखान्यात हा पदार्थ होतो तिथे दाणेही असतात, असा इशारा मात्र ऐच्छिक. कोणी छापतो, कोणी छापत नाही. आपल्याकडेही आता पाकिटावर दाणे, दूध वगैरे लिहावे लागते. पण घरच्या डब्यावर कोण लिहिणार, की ही कढई काल कशाला वापरली होती?

मेहुण्यांनी दुसरा आणि तिसरा ढीग विकत घेतला, बदल्यात एक खेळण्यातला जेसीबी. सौदा बिनतक्रार पार पडला. वर्षानुवर्षांचा रिवाज दिसला.

आई हे सगळे सोफ्यावरून पाहत होती. एक शब्द बोलली नाही. पोर झोपले, आम्ही आवराआवर करत होतो, तेव्हा ती स्वयंपाकघरात आली आणि तिने फळीवरची कढई खाली काढली.

"हिच्यात कधी दाणे?"

"कधीच नाही, आई," धाकटी म्हणाली. "या घरात दाणे येतच नाहीत."

"आणि डाव?"

"डावही नाही."

मग आईने ओट्यावरचे बेसनाचे पाकीट उचलले, डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, आणि माझ्यापुढे केले. "हे वाच गं आधी."

मी वाचले. तळाला बारीक अक्षरांत होते: ज्या गिरणीत हे दळले तिथे दाणेही दळले जातात. ते पाकीट माझ्याच पायांनी ओक ट्री रोडवरून आले होते, न वाचता! आईने माझ्याकडे असे पाहिले, की मी एफ. वाय. च्या वर्गात मागच्या बाकावर बसल्यासारखी झाले. धाकटीने आतून नेहमीच्या वापरातले, खात्रीचे पाकीट काढून दिले. तेही आईने मला वाचायला लावले. तूप वाचायला लावले. साखर वाचायला लावली. बेदाण्यांच्या पाकिटावरची अक्षरे वाचताना रात्रीचे साडेअकरा वाजले होते. बेसन भाजल्याचा वास घरभर पसरला तेव्हा धाकटी भिंतीला टेकून उभी होती, डोळे पुसत. आईने तिच्याकडे पाहिले नाही. "धूर झालाय नुसता, खिडकी उघड," एवढेच म्हणाली.

सकाळी भाचेबुवा चकाकते कडे हातात घालून उठले. कडे विझले होते. आईने लाडू पुढे केला. त्याने माझ्याकडे पाहिले.

"वाचलंय," मी म्हटले.

त्याने अर्धा लाडू खाल्ला, अर्धा ताटलीत ठेवला आणि म्हणाला, "आजी, खूप गोड आहे. आता मी जेसीबी खेळू?"

आईला त्याचा राग आला. "एवढी रात्र जागून केले, आणि टाकतो मेला!" असे म्हणून उरलेला अर्धा तिने स्वतःच खाल्ला.